एका बटणात दोन निवडणुका

अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीआधी एक चाळणी लागते. एकाच पक्षाचे तीन-चार इच्छुक आपापले कार्यक्रम घेऊन लोकांपुढे येतात, त्यातला एक पक्षाचे सामान्य मतदार निवडतात आणि तो नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाशी लढतो. आपल्याकडे ही चाळणी मुंबई-दिल्लीत लागते. अमरावती-अकोल्याच्या मतदारापर्यंत पोचतात ती एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र, मिळालेली नावं. पण तिकिटाचा वाद वर दाबून टाकला म्हणून विझत नाही. वऱ्हाडात तो थेट मतदानाच्या दिवशी उफाळतो आणि प्राथमिक फेरी व अंतिम सामना असं दोन्ही मतदाराला एकाच बटणात उरकावं लागतं.

26 एप्रिल 2024 चं मतदान आठवा. अमरावतीत भाजपने नवनीत राणांना उमेदवारी दिली. 2019 मध्ये त्याच राणा काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून निवडून आल्या होत्या, तेही शिवसेनेच्या आनंदराव अडसुळांना हरवून. साहजिकच महायुतीतच कुरकुर सुरू झाली. अडसुळांनी नाराजी लपवली नाही, तर बच्चू कडूंच्या प्रहार पक्षाने दिनेश बूब यांना रिंगणात उतरवलं. राणा हव्यात की नकोत, हा खरं तर महायुतीने आधी घरात सोडवायचा प्रश्न होता. काँग्रेसचे बळवंत वानखडे 19,731 मतांनी जिंकले आणि बूब यांना सुमारे 85 हजार मतं पडली. अकोल्यात हेच उलट्या बाजूने घडलं. भाजपचे अनुप धोत्रे 4,57,030 मतं घेऊन विजयी झाले. काँग्रेसचे अभय पाटील आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांची बेरीज मात्र 6 लाख 93 हजारांवर गेली.

अशी बेरीज करणं चूक आहे, हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मतं काही पोत्यातल्या सरकीसारखी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकता येत नाहीत. बूब यांचा मतदार राणांकडे गेला असताच असं नाही, आणि वंचित हा स्वतःची भूमिका असलेला वेगळा पक्ष आहे. तरी 1998 विसरून चालत नाही. तेव्हा काँग्रेस आणि रिपब्लिकन गटांनी कुणी कुठून लढायचं हा प्रश्न आधीच मिटवला होता. त्या वर्षी अमरावतीतून रा. सू. गवई आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. अर्थात तो समझोता नेत्यांनीच केला होता. मतदाराला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

विचारून पाहण्याचा एक प्रयोग शेजारीच झाला. 2014 मध्ये राहुल गांधींनी मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेतलं, त्यात वर्धा होतं. अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे विधानसभा मतदारसंघ याच वर्धा लोकसभेत येतात. विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवलं, पुढे भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून ते स्वतः हरले आणि वर्षाच्या आतच मेघे घराणं भाजपमध्ये गेलं. ही पद्धत इथे चालत नाही, असा निष्कर्ष लोक यातून काढतात. मला तो घाईचा वाटतो. मतदान होतं पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचं, आणि निवड दोन राजकीय वारसांमधली. कापसाच्या भावावर दोघांत फरक काय, हे मोर्शीच्या शेतकऱ्याला तपासायला मिळालंच नाही.

अधिक वजनदार आक्षेप वेगळाच आहे. अमेरिकेतला सदस्य स्वपक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, म्हणून तिथे व्यक्तीचा कार्यक्रम पारखण्याला अर्थ आहे. आपल्या खासदाराला 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडला तर खासदारकीला मुकावं लागू शकतं. मग इच्छुकांची तुलना कशाला? माझ्या मते हाच मुद्दा तिकीटवाटपाच्या टप्प्याचं महत्त्व वाढवतो. सभागृहात खासदाराचं मत पक्षाचं असतं, पण पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यासाठी मंत्रालयांचे उंबरे झिजवायचे की मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला रेल्वेचा पाठपुरावा आधी करायचा, हे कोणताही व्हिप ठरवत नाही. तिथे माणसामाणसात फरक पडतो. दर्यापूर किंवा बाळापूरच्या मतदाराला तो पारखायची संधी मिळायला हवी ती एबी फॉर्म निघण्याआधी, इच्छुकांची रांग अजून लांब असताना.