विद्यापीठाचा प्रयोग आणि आपले अर्धा एकर रान



गट बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "विद्यापीठाचे साहेब येतात, ऊस मोजतात, फोटो काढतात नि जातात. आमच्या पदरात काय पडतं? आणि कारखान्यानं संशोधनासाठी टनामागं पैसे तरी का मोजायचे?" प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदाच्या उसातूनच जातो, तेव्हा त्याचा हिशेब विचारणे हा सभासदाचा हक्क आहे. म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडत आहोत.

एका जातीमागची वर्षे

को ८६०३२ आपण सर्वांनी लावला आहे. हा ऊस कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झाला. ही संस्था १९१२ साली सुरू झाली. तिकडच्या हवामानात उसाला तुरा चांगला येतो व बी धरते, म्हणून संकर तिथे करतात. पुढे रोपे वाढवायची, हजारोंतून मोजकी निवडायची, लागण आणि खोडवा दोन्ही पाहायचे, मग निरनिराळ्या जमिनींत चाचणी घ्यायची. एका जातीला बारा-पंधरा वर्षे सहज जातात. आपल्या भागासाठी ही निवड आणि चाचणी १९३२ पासून पाडेगावच्या केंद्रात होत आली आहे. आज हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून कारखान्यांच्याच वर्गणीवर उभी आहे.

म्हणजे आज टनामागे दिलेल्या पैशाचे फळ यंदाच्या बिलात शोधू नये. ते दहा-पंधरा वर्षांनी आपल्या पोराच्या रानात दिसणार.

परदेशातील एक दाखला

ब्राझीलमध्ये ऊस संशोधनाची मोठी सरकारी योजना १९७१ साली सुरू झाली. १९७५ पासून त्या देशाने पेट्रोलऐवजी उसाचे अल्कोहोल वापरण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि चांगल्या उसाची गरज आणखी वाढली. पण १९९० साली सरकारने आपले साखर व अल्कोहोल खाते बंद केले, त्यासोबत ही योजनाही गेली. वीस वर्षांचे बियाणे, प्रयोगक्षेत्रे, अनुभवी माणसे, सगळे वाऱ्यावर.

तेव्हा तेथील केंद्रीय विद्यापीठे पुढे आली. त्यांनी माणसे व केंद्रे ताब्यात घेऊन 'रिडेसा' नावाची संघटना केली. साखर कारखान्यांनी विद्यापीठांशी करार केले. कारखान्यांनी पैसा व चाचणीला जमीन द्यायची, विद्यापीठांनी जाती द्यायच्या, असा व्यवहार ठरला. आज त्यात दहा विद्यापीठे आहेत आणि देशातील निम्म्याहून अधिक ऊस त्यांच्या जातींचा आहे. व्हिसोझा विद्यापीठाने दिलेली आरबी ८६७५१५ ही जात तिकडे आपल्या ८६०३२ सारखी घरोघरी पोचली.

मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. तिकडे कारखान्यांकडे स्वतःची हजारो एकर शेती असते. आपल्याकडे रान सभासदाचे, आणि तेही एकर-दोन एकर. त्यामुळे विद्यापीठ आणि कारखाना कितीही जवळ आले तरी सभासदाने रान दिल्याशिवाय खरी चाचणी होत नाही. केंद्रातल्या निगुतीच्या जमिनीत जे पिकते ते आपल्या चोपण रानात पिकेलच असे नाही.

फुले २६५ ने शिकवलेला धडा

को-एम ०२६५, म्हणजे फुले २६५, ही जात राहुरी विद्यापीठाने २००७ साली दिली. क्षारपड रानात तग धरणारी, खोडवा चांगला, टनेज भरघोस. सभासद खूश झाले. पण बऱ्याच कारखान्यांनी नोंद घेताना हात आखडता घेतला. ही जात उशिरा पक्व होते. हंगामाच्या तोंडाला तोडली तर उतारा कमी बसतो, आणि आपली एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर ठरते. एकाचे टनेज वाढले तरी उतारा घसरला की सर्वांच्या दरावर परिणाम होतो. सभासद म्हणे जात चांगली, कारखाना म्हणे वाईट, आणि दोघेही आपापल्या जागी खरे होते.

हा तंटा कसा मिटेल? एकाच प्लॉटची तीन टिपणे एकत्र ठेवली तर. सभासदाने लागणीची तारीख, खत, पाणी लिहायचे, शेतकी खात्याने तोडणीचे वय व वजन, आणि प्रयोगशाळेने उतारा. मग कोणती जात कोणत्या महिन्यात तोडावी हे अंदाजावर राहणार नाही.

आता साखरेपुरता हिशेब उरलेला नाही

टनभर उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते. पूर्वी ते बॉयलरपुरते जळे. जास्त दाबाचे बॉयलर आल्यापासून त्यातून वीज विकता येते. देशात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा उसात साखर किती यासोबत तंतू किती हेही आता पाहावे लागते.

बगॅसच्या तंतूतही साखरच असते, पण ती घट्ट बांधलेली. ती सोडवून अल्कोहोल करण्याचे तंत्र मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने विकसित केले. ही संस्था विद्यापीठाच्या दर्जाची आहे. दिवसाला दहा टन काडीकचरा वापरणारा तिचा प्रायोगिक प्रकल्प २०१६ साली उत्तराखंडात काशीपूर येथे एका कारखान्याच्या आवारात सुरू झाला. त्याआधी १९९० च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचट व बगॅस यांवर चालणारा गॅसिफायर चालवून दाखवला होता. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या मदतीने उसाला पाणी-खत कधी द्यावे हे संगणकाकडून सांगवण्याचा प्रयोग शेतकऱ्यांच्या रानात नेला आहे.

हे सारे ऐकायला छान वाटते, पण आपण आपला प्रश्न विचारलाच पाहिजे. पाचट कारखान्याने इंधनाला नेले तर जमिनीला काय राहील? सरीत कुजवलेले पाचट ओल धरते, सेंद्रिय कर्ब वाढवते, तण दाबते. त्याची किंमत पैशात किती? याचे उत्तर संशोधकाला कार्यालयात बसून मिळणार नाही. निम्म्या रानातले पाचट उचलून नि निम्म्यात ठेवून दोन-तीन खोडवे घेतले तरच ते कळेल.

रान देण्याआधी काय ठरवावे

प्रयोगाला रान देणाऱ्या सभासदाने नुसत्या तोंडी बोलण्यावर विसंबू नये.

१. कोणता प्रयोग, किती गुंठे, किती वर्षे, बियाणे व खत कोणाचे, हे लेखी घ्यावे.

२. प्रयोग फसला तर नुकसान कोण सोसणार हे त्याच कागदावर असावे. सर्वांच्या फायद्याचा धोका एकट्या सभासदाच्या माथी मारणे बरोबर नाही.

३. शेजारीच नेहमीच्या जातीचा तेवढाच प्लॉट तुलनेला ठेवावा. दोन्हींचे वजन काट्यावर वेगवेगळे करून घ्यावे.

४. खोडव्याचीही नोंद व्हावी. लागण पाहून भुलणारे पुष्कळ.

५. शिफारस होण्यापूर्वी प्रयोगातले बेणे पाहुण्या-रावळ्यांना वाटू नये. काणी व गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनच गावभर होतात.

६. निकाल चांगला असो वा वाईट, तो गट बैठकीत वाचून दाखवण्याची मागणी करावी. फसलेल्या प्रयोगाची माहिती दडली तर तीच चूक दुसऱ्या गावात होते.

सभासदानेही आपली बाजू राखावी. जास्तीची गोणी टाकून "प्लॉट झकास आला" म्हणून दाखवले, तर फसवणूक आपल्याच भावकीची होते. वहीत खरे लिहावे, पाणी चुकले तर चुकले असेच लिहावे.

आडसाली लागणीचा काळ जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. प्रयोगाला रान देण्याचा विचार असेल तर त्याआधी माती तपासून घ्यावी, आणि वरील सहा मुद्दे कागदावर लिहून गट कार्यालयात यावे. होकार द्यायचा की नकार हे त्यांची उत्तरे मिळाल्यावर ठरवावे.