न मोजलेली वर्षं

ज्ञानेश्वरीची एक ओवी वर्गात नीट वाचायची तर अर्धा तास सहज जातो. आधी ती मोठ्याने वाचायची, मग मुलांकडून वाचून घ्यायची. क्रियापद कुठे दडलंय, दृष्टान्त कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे एकेका शब्दावर बोट ठेवून दाखवायचं. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, हे फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतात. पण ते त्यांच्या कानात उतरलेलं नसतं. पेडण्यातल्या वर्गात ते उतरतं वेगळ्या वाटेने. पौषात मांडावर धालो खेळणाऱ्या आजीची नात समोरच बसलेली असते. “आजी म्हणते तसं म्हण बघू,” असं सांगितलं की ती आधी लाजते आणि मग म्हणते. समोरासमोरच्या दोन रांगांतल्या बायका ज्या लयीत पुढे-मागे होतात, ती लय वर्गात आली की कंठातली ओवी आणि ग्रंथातली ओवी यांचं नातं मुलांना वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेली काही वर्षं मी लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणारा अतिथी अध्यापक म्हणून, मराठी शिकवतो आहे. काही तास इथे, काही तिथे. मधला प्रवास कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा असा. बसमध्ये उत्तरपत्रिका तपासता येत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शिकवायची कविता मनात घोळवता येते. घरी पोचल्यावर खरी तयारी सुरू होते. संतवाङ्मयाचा पाठ असेल तर राजवाडे प्रत आणि साखरे प्रत शेजारी ठेवून पाठभेद पाहायचे. कथा असेल तर ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची. दहा वेळा शिकवलेली असली तरीही. जुन्या टिपणांवर तास निभतो, पण मुलांना ते लगेच कळतं.

याखेरीज दर सत्रात आयएसए आणि एसईए, म्हणजे सत्रांतर्गत आणि सत्रान्त मूल्यमापन, असतं. प्रश्नपत्रिका काढणं, गुण भरणं, राहिलेल्यांची फेरपरीक्षा घेणं हे ओघाने आलंच. २०२३-२४ पासून गोवा विद्यापीठात नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर नवे विषय, नवी श्रेयांकांची गणितं आली. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती यायची असेल तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल, हजेरीपत्रक आणि जागेची नोंद असलेला फोटो लागतो. कवितावाचनाचा कार्यक्रम झाला याचा पुरावा फाईलमध्ये राहतो. त्या कवितावाचनानंतर एखाद्या मुलाने ग्रंथालयातून पहिल्यांदा कवितासंग्रह घरी नेला, याची नोंद करायला रकानाच नसतो.

ही मुलं येतात कुठून? हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले, तोवर सावंतवाडीच्या भोसल्यांशी बांधलेले होते. देवळं टिकली, कीर्तनं-पुराणं टिकली, मराठी अक्षरओळख टिकली. घरात कोकणी आणि वाचायला मराठी, ही इथली जुनी रीत. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. त्यांचं गाव बांदा पत्रादेवीच्या सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर. पेडण्याच्या मुलाला सोहिरोबा शिकवताना दूरच्या कवीची ओळख करून द्यावी लागत नाही.

डिचोलीकडच्या वर्गाचं मन वेगळं घडलेलं असतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर परत बंद पडल्या. दारात उभा राहिलेला ट्रक आणि त्यावरचं कर्ज पाहत ही मुलं वाढली. ग्रामीण कादंबरीतलं कर्जबाजारी घर वाचताना वर्ग शांत होतो, तो कंटाळून नव्हे. पेडण्यात आता मोपाचा विमानतळ आणि किनाऱ्यावरची हॉटेलं आहेत. दुसऱ्या वर्षातच मुलं रात्रपाळीला लागतात. “सर, मराठी घेऊन पुढे काय?” या प्रश्नाला मी बी.एड., सेट, वृत्तपत्र, अनुवाद असं उत्तर देतो. मुलं माझ्याकडे पाहतात. सर स्वतः दर जूनमध्ये नव्याने अर्ज करतात, हे त्यांना ठाऊक असतं.

आमच्यासारख्यांची वर्षं कशी मोजली जातात, हे इथे सविस्तर सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांचं मानधन तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवलं. नियमित सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये, भत्ते त्यावर. आता अनुदान आयोगाचीच २०१८ ची नियमावली पाहा. तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा पुढच्या नेमणुकीसाठी मोजायची असेल, तर त्या काळात नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगाराइतके पैसे मिळालेले असावेत, अशी अट त्यात आहे. एका कागदाने मानधनाला ५०,००० चं झाकण घातलं आणि दुसरा म्हणतो, त्याहून अधिक मिळालं असेल तरच तुमचं वर्ष धरू. पात्रता तीच, वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच. तरीही अतिथी म्हणून शिकवलेलं वर्ष या चौकटीत बसूच शकत नाही. एका मुलाखतीत माझी प्रमाणपत्रं मेजावर पसरलेली असताना मला हे शांतपणे समजावून सांगण्यात आलं. समजावणाऱ्यांच्या आवाजात सहानुभूती होती. नियम मात्र बदलत नव्हता.

संशोधनाचं मोजमापही साहित्याच्या माणसाला जाचतं. त्याच नियमावलीच्या गुणतक्त्यात भाषा विषयातल्या शोधनिबंधाला १० गुण आहेत, अनुवादित पुस्तकाला ८, तर एका अभ्यासक्रमाच्या संपूर्ण ई-सामग्रीला १२. एखादी कादंबरी दुसऱ्या भाषेतून मराठीत आणायला दोन-तीन वर्षं लागतात. आणि पेडण्यात जे सर्वांत मोलाचं आहे, त्याला तर तक्त्यात ओळच नाही. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. आधी आडदशावतार, त्यात संकासुर. मग पहाटेपर्यंत आख्यान. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, पात्रं ठरतात आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. माझ्या वर्गात रात्री राणी होऊन उभा राहणारा मुलगा सकाळी डोळ्यांत झोप घेऊन येतो. नाटकाच्या तासाला तो उत्स्फूर्त संवादाविषयी जे सांगतो, ते मला कुठल्या संदर्भग्रंथात सापडलेलं नाही. हे संवाद ध्वनिमुद्रित करणं, उतरवून काढणं, जाणत्या कलावंतांकडून तपासून घेणं हे या तालुक्यात शिकवणाऱ्याचं पहिलं काम असायला हवं. ते मी रविवारी आणि सुट्टीत करतो. ज्याची नेमणूक एप्रिलमध्ये संपते, त्याला तीन वर्षांचा प्रकल्प मागताही येत नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान विद्यार्थ्याचं होतं. साहित्य सावकाश शिकलं जातं. पहिल्या वर्षी कविता वाचायला घाबरणारी मुलगी तिसऱ्या वर्षी स्वतःचं मत लिहू लागते, ती तिच्या चुका ओळखणारं कुणीतरी तीन वर्षं तिथे असेल तरच. दर जूनला नवा चेहरा आला की प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्या पानापासून होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या दर्जाचा पहिला हक्क राजधानीतल्या परिसंवादाआधी अशा वर्गांना मिळावा, असं मला वाटतं. मागण्या अवघड नाहीत. जिथे तासांचा भार पूर्ण आहे तिथे नियमित जागा भरावी. लोकसाहित्याचं संकलन आणि अनुवाद यांना त्यांच्या श्रमाइतके गुण द्यावेत. आणि पात्र अध्यापकाने शिकवलेलं वर्ष, त्याला किती पैसे दिले होते हे न विचारता, शिकवलेलं वर्ष म्हणून धरावं. या शेवटच्या मागणीला तर एक पैसाही लागत नाही. एका कलमातली एक अट तेवढी काढायची आहे.