दोन डिस्क, एकच प्रत

"दादा, दोन डिस्क टाकल्यात. एक गेली तरी दुसरी आहेच. आता बॅकअपचं टेन्शन नाही."

हे वाक्य मी डहाणू स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत ऐकलंय, चिकूवाडीचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या बागायतदाराकडून ऐकलंय आणि तलासरीत वनहक्क दाव्यांचे कागद स्कॅन करून ठेवणाऱ्या एका कार्यकर्त्याकडूनही. सुटे भाग आणून घरीच छोटा स्टोरेज सर्व्हर जोडायचं वेड आपल्याकडेही पोचलंय, आणि ते चांगलंच आहे. विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. तलासरीकरांना वापी जवळ. सतरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, त्यावरच बसवून आलेला इंटेलचा एन१०० प्रोसेसर, रॅम, छोटा एसएमपीएस, दोन साडेतीन इंची डिस्क मावतील एवढं कॅबिनेट. एका दुपारचं काम. ट्रूनास किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट फुकट मिळतं. जोडणीत सहसा कुणी चुकत नाही. चूक असते ती वरच्या वाक्यात.

एका फोटोग्राफर मित्राची गोष्ट सांगतो. लग्नसराईच्या ऐन धामधुमीत त्याच्या मदतनिसाला जागा संपत आल्याची सूचना दिसली. त्याने लॅपटॉपवरून सर्व्हरमधलं "जुने" नावाचं फोल्डर उडवलं. आत दोन लग्नांचे मूळ फोटो होते. लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये ते सापडेनात, कारण नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उडवलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जातच नाही. मग मित्राला दुसरी डिस्क आठवली. त्याने ती काढून वेगळी जोडून पाहिली. तीही तितकीच रिकामी. सर्व्हरवरचे दोन्ही डिस्कचे दिवे मात्र हिरवेगार होते, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. पहिल्या डिस्कवर जे झालं ते दुसरीवर त्याच क्षणी करायचं, एवढंच काम त्याला नेमून दिलं होतं आणि ते त्याने चोख केलं.

या मांडणीला रेड म्हणतात आणि दोन डिस्कच्या प्रकाराला मिररिंग, म्हणजे आरसा. नावातच सगळं आलं. कपाळावर खोक पडली की आरशातल्या कपाळावरही पडते. १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा गाजलेला निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क जोडल्या, तर त्यातली एखादी बंद पडल्यावरही काम चालू कसं ठेवायचं? रेड या प्रश्नाचं उत्तर आहे. काल दुपारी उडवलेली फाइल परत कशी आणायची, हा प्रश्न त्यात नव्हता.

तरी कुणी ऐकत नाही, म्हणून गाडीचं उदाहरण देतो. डिकीत स्टेपनी असते. टायर पंक्चर झाला की स्टेपनी लावून तुम्ही चारोटी नाक्यापर्यंत जाता. पण गाडीच चोरीला गेली तर? स्टेपनी गाडीबरोबर गेली. दुसरी डिस्क ही स्टेपनी आहे. जरूर ठेवा, पण तिला दुसरी गाडी म्हणू नका.

आता पंक्चर होतात किती, तेही पाहू. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. २०२४ साली तिच्याकडे वर्षाकाठी बिघाडाचं प्रमाण १.५७ टक्के होतं. आरसा तुम्हाला सांभाळतो तो एवढ्यापुरता. हाताने उडवलेली फाइल, खंडणीखोर व्हायरस, विजेचा लोळ, आग, चोरी, पत्र्यातून गळलेलं पाणी, बिघडलेल्या एसएमपीएसने दोन्ही डिस्कना दिलेला एकच झटका, यातलं काहीही झालं तर दोन्ही डिस्क एकाच नावेत असतात. पुष्कळदा त्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, म्हणजे म्हाताऱ्याही बरोबरच होतात. एक गेल्यावर नवी आणून लावली, तर आठ टीबीची डिस्क पूर्ण भरून निघायला बारा तासांहून जास्त लागतात. तेवढा वेळ उरलेल्या म्हातारीला विश्रांती न देता राबवायचं.

हे फक्त डहाणूत घडतं असं नाही. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत कुणीतरी चुकीची कमांड दिली आणि 'टॉय स्टोरी २' चं बरंचसं काम डोळ्यांदेखत उडालं. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं तेव्हा कळलं. चित्रपट वाचला, कारण गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका घरून काम करता यावं म्हणून एक प्रत घरी घेऊन गेल्या होत्या. कोट्यवधींच्या स्टुडिओला तारलं ते दुसऱ्या घरातल्या एका कॉम्प्युटरने. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या व्हायरसने इंटरनेटला थेट उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो घरगुती सर्व्हर कुलूपबंद केले. त्यातल्या अनेकांत दोन-दोन, चार-चार डिस्क असणारच. चारही बंद.

मग बॅकअप म्हणजे काय? पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेलं ३-२-१ हे सूत्र पुरेसं आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सर्व्हरमधल्या आरशातल्या दोन डिस्क धरून ही प्रत एकच मोजायची. इथेच सगळे अडखळतात.

दुसऱ्या जागेचं महत्त्व डहाणू-तलासरी या आपल्या दोन तालुक्यांना तरी पटायला हवं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. घर सोडून बाहेर पळताना कुणी सर्व्हर उचलत नाही, उचलूही नये. बॅकअपची डिस्क शेजारच्या घरात ठेवली असेल तर तिच्याखालची जमीनही तीच हलते. ती मावशीकडे बोईसरला, भावाकडे विरारला किंवा मुलीच्या सासरी वसईला असू द्या. दोन यूएसबी डिस्क घ्या. एक आणायची, एक न्यायची. प्रत घेऊन झाली की केबल काढायची. जी डिस्क जोडलेलीच नाही तिला व्हायरस पोचत नाही.

प्रतिवाद येतो, "पण स्नॅपशॉट असतो ना?" असतो, म्हणजे त्या त्या क्षणीच्या फाइलींची टिपून ठेवलेली स्थिती, आणि तो उत्तम. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्ये तासातासाला स्नॅपशॉट लावून ठेवला असता तर माझ्या मित्राचं फोल्डर दोन मिनिटांत परत आलं असतं. जरूर लावा. पण स्नॅपशॉट राहतो त्याच डिस्कवर. कॅबिनेट जळालं की तोही जळाला.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, एकेका दमात उरकतो.

गैरसमज: भूकंपाच्या धक्क्यांनी चालू डिस्क खराब होते.
वस्तुस्थिती: चालू डिस्क गुरुत्वाकर्षणाच्या काही दहापट क्षणिक धक्का सोसेल अशी बनवतात. आपल्याकडचे बहुतेक धक्के चारपेक्षा कमी तीव्रतेचे, त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. डिस्क मरते ती फळीवरून पडून. कॅबिनेट खाली ठेवा.

गैरसमज: घरी इन्व्हर्टर आहे, यूपीएस कशाला?
वस्तुस्थिती: बॅटरी संपत आली हे साधा इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही. यूएसबी केबल असलेला यूपीएस सांगतो, आणि सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. तौक्ते वादळात मे २०२१ मध्ये लाइट किती वेळ नव्हती ते आठवा. तेवढा वेळ कुठलाच यूपीएस पुरणार नाही आणि पुरायची गरजही नाही. नीट बंद व्हायला दहा मिनिटं पुरेत.

गैरसमज: चोवीस तास चालू म्हणजे बिल फुगणार.
वस्तुस्थिती: असा दोन डिस्कचा सर्व्हर साधारण २५ वॅट घेतो, म्हणजे महिन्याला १८ युनिट. अंगणात रात्रंदिवस विसरलेला दिवा कधीकधी याहून जास्त खातो.

गैरसमज: आठ टीबीची डिस्क घेतली, दिसते ७.२७. दुकानदाराने फसवलं.
वस्तुस्थिती: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. दुकानदाराला सोडा.

गैरसमज: खोक्यावर "नास" (घरगुती स्टोरेज सर्व्हरसाठी) लिहिलंय म्हणजे कुठलीही चालेल.
वस्तुस्थिती: २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की त्यांच्या 'रेड' (म्हणजे लाल; वरच्या मांडणीशी संबंध नाही) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या. या पद्धतीत डिस्क पुन्हा भरून काढायचं काम फार रखडतं. घेताना सीएमआर, म्हणजे नेहमीच्या पद्धतीची, आहे का, तेवढं बघा.

गैरसमज: ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या, रॅमशिवाय झेडएफएस वापरणं म्हणजे आत्मघात.
वस्तुस्थिती: ईसीसी मिळाली तर चांगलंच. पण इतर फाइल सिस्टीमपेक्षा झेडएफएसला तिची जास्त गरज आहे असं काही नाही, हे झेडएफएसच्या जनकांपैकी एक मॅट अहरेन्स यांनीच सांगितलंय.

गैरसमज: समुद्राकाठी डिस्क टिकत नाहीत.
वस्तुस्थिती: खारा वारा आधी पंखा आणि जोडणीच्या पट्ट्या खातो. समुद्राकडची खिडकी सोडून आतल्या खोलीत ठेवा, पावसाळ्यानंतर उघडून साफ करा.

आता पुन्हा मूळ मुद्दा, कारण बाकी सगळं चुकलं तरी निस्तरता येतं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रं जगभर गेली. आज आसपासच्या पाड्यांतले चित्रकार चित्र विकतात, आणि चित्र गेल्यावर घरी उरतो तो त्याचा फोटो. वनहक्काचा मूळ कागद फाटला तर उरतो तो स्कॅन. हे पुन्हा काढता येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपच्या डिस्कवरून दहा फाइली उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याच्या हातून डेटाबेस उडाला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धती असूनही त्यातली एकही धडपणे चालू नव्हती. ते कळलं ते गरज पडल्यावर.

आणि नेहमी शेवटी येणारा प्रश्न: "दादा, बजेट दोनच डिस्कचं आहे, काय करू?" आरसा नको. एक डिस्क सर्व्हरमध्ये लावा. दुसरीवर प्रत घ्या, केबल काढा आणि ती मावशीकडे ठेवून या.