सायलेन्सरची पट्टी घेताना धागा विचारा

हिमरूच्या आपल्या शहराची ओळख 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आल्यावर गाड्यांशीही जोडली गेली. गॅरेज लाइनीत आपले बरेच कारागीर आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

इंजिनातून निघणारा धूर 700-800 अंशांपर्यंत तापलेला असतो. नळीवर पट्टी गुंडाळली की उष्णता आत राहते, शेजारच्या वायरी आणि रबरी नळ्या वाचतात. साधा रंग तिथे जळतो. सिलिकॉनचा खास रंग सुमारे 600 अंश सोसतो, पण नळी घासून, तेल पुसून लावला तरच.

पट्टी म्हणजे शेवटी कापडच, म्हणून आम्हा कापडवाल्यांनाही यात बोलता येते. काचेच्या धाग्याची पट्टी सुमारे 500 अंश निभावते. बेसाल्टची, म्हणजे वेरूळची लेणी ज्या जातीच्या दगडात कोरली तो वितळवून ओढलेल्या धाग्याची, थोडी जास्त.

ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड मात्र दुकानात घेऊच नये. देशात त्यावर सरसकट बंदी नाही, आगही ते सोसते. पण कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात रुतते आणि आजार 20-30 वर्षांनी वर येतो. म्हणूनच 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी किमान 40 वर्षे ठेवण्याचा हुकूम दिला. गॅरेजमधल्या पोराची नोंद कोण ठेवणार? नुसते पाहून ओळख पटेलच असे नाही. धाग्याचे नाव बिलावर लिहून घ्यावे.

काचेची पट्टीही खाजवते, हातमोजे घालावेत. पट्टीखाली पाणी मुरून लोखंडी नळी गंजते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. तेल मुरलेली पट्टी पेट घेऊ शकते, ती लगेच बदलावी.