'मांसवर्ण' कोणत्या माणसाचा?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती जोडणे व रंगवणे हा छंद जगभर चालतो. जपानच्या टॅमिया कंपनीच्या खोक्यात उत्तर आफ्रिकेत लढलेल्या आठव्या सैन्याचे शिपाई मिळतात. प्रमाण पस्तिसास एक. म्हणजे साडेपाच फुटी जवान पावणेपाच सेंटिमीटरचा. चेहऱ्यासाठी त्याच कंपनीची रंगाची बाटली येते. नाव 'फ्लॅट फ्लेश', म्हणजे मांसाचा रंग. उघडून पाहा, आत गोऱ्या कातडीचा फिका गुलाबी! मांस काय एकाच वर्णाचे असते? त्याच आठव्या सैन्यात चौथी भारतीय डिव्हिजन लढली. युद्ध संपताना भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख जवान होते. एअरफिक्स कंपनीने गुरखे तरी काढले; महार शिपायाचे खोके आमच्या पाहण्यात आलेले नाही.

म्हणून निफाड तालुक्यातील सायखेडा येथे आम्ही काही कार्यकर्त्यांनी तो शिपाई स्वतःच घडवायला घेतला. गाव गोदाकाठचे. २०१६ आणि २०१९ साली पुराचे पाणी बाजारपेठेत शिरले. पत्र्याच्या पेटीतले आजोबांचे सैन्याचे कागद अशा पाण्यात किती वर्षे टिकणार? कागद गेला की पुरावा गेला, हे वकिलाला कुणी सांगावे लागत नाही.

काही बांधवांनी विचारले, इंग्रजांच्या गणवेशाचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण कौतुक इंग्रजांचे नाहीच. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने पोकळ शिशाचे शिपाई बनवायला सुरुवात केली. त्याच दशकात तिने दुसऱ्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचा संच काढला. ही पलटण म्हणजे १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या पलटणीचीच पुढची गादी. आणि त्याच सुमारास, १८९२ मध्ये, महारांची भरती बंद झाली होती. गोऱ्यांच्या पोरांना खेळायला आमची पलटण चालत होती, आमच्या बापांना मात्र छावणीचे दार बंद! पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ मध्ये मोडून टाकली.

१९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, पाठोपाठ कामठीला दुसरी. पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर होती, दुसरी ब्रह्मदेशातही गेली.

आता प्रत्यक्ष काम. सांगाड्यातून सुटे भाग पात्याने कापायचे, सांधे बारीक पॉलिश पेपरने घासायचे. आम्ही सरहद्दीवरचा जवान निवडला, कारण खोक्यातला खाकी सुती सदरा त्याला चालतो. ब्रह्मदेशासाठी पुढे हिरवा गणवेश आला होता. 'मांसवर्णा'च्या बाटलीत तपकिरी आणि किंचित लाल मिसळत गेलो. कुणाचा हात शेजारी धरून रंग जुळवायचा, यावर बराच हशा झाला. शेवटी तीन हातांचे तीन रंग झाले आणि तिन्ही खरे निघाले! घड्यांत पातळ गडद रंग सोडला, उंचवट्यांवर कोरडा कुंचला फिरवला, तेव्हा सदरा अंगावरचा वाटू लागला.

खरी कसोटी टोपीवरच्या बिल्ल्याची. रेजिमेंटचा पहिला बिल्ला कॅप्टन ई. ई. एल. मॉर्टलमन यांनी आखला: कोरेगावचा जयस्तंभ आणि खाली 'महार' ही अक्षरे. चार सेंटिमीटरचा बिल्ला या प्रमाणात जेमतेम एक मिलिमीटर होतो. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार काढून स्तंभ उभा केला. अक्षरे मात्र सोडून दिली; ती हवी असतील तर सोळास एक प्रमाणाचा साडेदहा सेंटिमीटरचा जवान घ्यावा लागेल.

तरुणांचा आग्रह होता की त्याच्या हाती मशीनगन द्यावी. दिली नाही. रेजिमेंट मशीनगनची झाली ती ऑक्टोबर १९४६ मध्ये. १९४३ च्या जवानाच्या हाती ती दिली तर विरोधक पहिले बोट तिथेच ठेवतील. याच्या खांद्यावर .३०३ रायफलच राहील. मशीनगनवाला जवान वेगळा होईल. त्याला व्हिकर्सची तिवई हवी, नळी गार ठेवणारा पाण्याचा डबा हवा, २५० गोळ्यांचा पट्टा हवा. पट्ट्यासाठी जुन्या पिशवीची कापडी पट्टी कापून ठेवली आहे.