इंजिनाखालचं रबर: पहिल्या पाळीचा दिवस

सकाळी ६:४०. भोसरी एमआयडीसी. पहिली पाळी सातला सुरू होते, पण रात्रपाळीच्या मिक्सिंगवाल्यांना घरी जाण्याआधी गाठायचं असतं म्हणून मी लवकर येते. बॅच नंबर, तापमान, वेळ सगळं रजिस्टरमध्ये असतं. ‘शेवटची बॅच रोलला जरा जास्त चिकटत होती’ हे मात्र तोंडीच कळतं, आणि दिवसभराची दिशा त्यावर ठरते.

आम्ही गाड्यांच्या इंजिनांची माउंटिंग बनवतो. गॅरेजमध्ये त्यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात. दोन लोखंडी भाग आणि मध्ये घट्ट चिकटलेलं रबर, एवढीच ती वस्तू. ती इंजिनाचं वजन पेलते आणि इंजिनाची थरथर चॅसिसपर्यंत पोचू देत नाही. पूर्वी इंजिनं चॅसिसला जवळपास थेट आवळलेली असत आणि सगळी थरथर प्रवाशांच्या अंगात उतरे. १९३१मध्ये क्रायस्लर कंपनीनं प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर तोललं आणि त्याची जोरदार जाहिरात केली. रबरी माउंटिंग जुनंच होतं. मात्र ते कुठे बसवायचं आणि किती मऊ ठेवायचं याचा इतका नेटका विचार तिथे झाला, की आजही आम्ही त्याच प्रश्नावर काम करतो.

७:१५. मिक्सिंग. केरळहून आलेल्या धुरी दिलेल्या रबरशीटचे गठ्ठे फोडले की सगळ्या शेडमध्ये तो खमंग, किंचित आंबूस वास पसरतो. दोडामार्गकडेही आता रबराच्या बागा आहेत, पण आमचा माल अजून केरळचाच. कृत्रिम रबरं डझनभर असताना इथे नैसर्गिक रबरच का? कारण ते लाखो वेळा ताणलं-दाबलं तरी लवकर फाटत नाही. चीर पडू लागली की तिच्या टोकाशी ताणलेले रेणू ओळीत येऊन स्फटिकासारखे घट्ट होतात आणि चिरेला अडवतात. शिवाय हलताना ते स्वतः फारसं तापत नाही. तेल, ओझोन आणि इंजिनाची उष्णता हे त्याचे शत्रू. तेल लागण्याची शक्यता असेल तिथे नायट्राइल, खूप उष्णता असेल तिथे ईपीडीएम वापरावं लागतं.

नीडरमध्ये रबर, कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड, तेल एकजीव होतं. गंधक आणि अॅक्सिलरेटर मात्र सगळ्यात शेवटी, माल थंड झाल्यावर मिलवर. गरम मालात गंधक पडलं तर रबर साच्यात जाण्याआधीच पिकायला लागतं. ‘माल जळला’ असं मिलवरचे काका म्हणतात, आणि जळलेला माल पुन्हा मऊ होत नाही. गुडइयरनं १८३९मध्ये गंधक आणि उष्णतेचं हे नातं शोधलं. ते एका दिशेनंच चालतं.

८:०० ते ९:३०. लॅब. प्रत्येक बॅचचा तुकडा ऱ्हिओमीटरमध्ये. पडद्यावर रेघ आधी खाली जाते, थोडी थांबते, मग चढते आणि सपाट होते. थांबण्याचा काळ हा साचा भरायला मिळणारा वेळ, चढ म्हणजे रबर पिकणं. रात्रीच्या त्या चिकट बॅचचं थांबणं नेहमीइतकंच निघालं, कडकपणाही शोअर ५२, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. सोडली. पण तिच्यावर वेगळी चिठ्ठी लावली, पुढे काही निघालं तर मागोवा घेता यावा म्हणून.

९:३०. माझ्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा विभाग: बाँडिंग. रबर लोखंडाला आपोआप चिकटत नाही. लोखंडी भागावरचं तेल काढायचं, ग्रिट मारून पृष्ठभाग खरखरीत करायचा, राखाडी प्रायमर द्यायचा, तो वाळला की वर काळा अॅधेसिव्ह. हा अॅधेसिव्ह प्रेसमधल्या उष्णतेत रबर पिकत असतानाच रबराशी जोडला जातो. आधी पिकलेलं रबर नंतर चिकटवून हे साधत नाही.

आषाढात इथे माझी खरी काळजी. ब्लास्ट केलेलं लोखंड दमट हवेत फार लवकर गंजू लागतं, आणि तो गंज सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून पावसाळ्यात ब्लास्टिंग ते प्रायमर हे अंतर आम्ही फार कमी ठेवतो. आज बाहेर संततधार होती. ट्रॉलीवर भाग वाट पाहत होते आणि स्प्रे-बूथ दुसऱ्या कामात अडकलेला. मी ते सगळे परत ब्लास्टिंगला पाठवले. प्रॉडक्शनचे साहेब नाराज झाले, साहजिक आहे. पण इथली हयगय कुठल्याच मापात दिसत नाही; दोन वर्षांनी घाटात दिसते.

नवीन ट्रेनी मुलगी हातमोजा काढून घाम पुसत होती. तिला जवळ बोलावून सांगितलं, “बाळा, बोटाचा एक ठसा म्हणजे तेलाचा एक डाग. तेवढ्या जागेवर रबर सुटतं, आणि तिथूनच पुढे सगळं सोलत जातं.” तिनं मान डोलावली आणि नवा मोजा चढवला. शिकेल.

११:००. प्रेस. साचे १६० अंशांवर. रबरातून उष्णता फार सावकाश आत जाते, म्हणून कडा पिकल्या तरी गाभा कच्चा राहू शकतो. जाड माउंटिंगला घाई करता येत नाही. इथे मी रोज एक तरी माउंटिंग मधोमध कापून बघते.

१२:३०. डबा.

१:१५. टेस्टिंग. माउंटिंग दाबायचं आणि एक मिलिमीटर दबायला किती बळ लागतं ते मोजायचं. सगळा खेळ या आकड्याचा. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल असताना सेकंदाला २० धक्के देतं. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या २०च्या आसपास असेल तर थरथर उलट वाढते. ती १४च्या बरीच खाली आणली, तरच रबर धक्के अडवू लागतं. म्हणजे मऊ हवं. पण फार मऊ केलं तर गिअर टाकताना इंजिन डोलतं, खड्ड्यात आपटतं आणि रबर लवकर थकतं. डोलणं लवकर शमावं म्हणून कार्बन ब्लॅक वाढवावं, तर वेगात असताना तेच रबर ताठ वागतं आणि आवाज केबिनमध्ये येतो.

आज ग्राहक कंपनीच्या इंजिनिअरचा फोन होता: मऊही हवं, आयुष्यही वाढवून हवं, किंमत तीच. मी त्यांना सांगितलं, की रबर बदलून हे होणार नाही, आकार बदलू. रबर दाबात ताठ असतं, पण कातरबळात मऊ. पाया तिरका केला तर वजन दाबावर पेलता येतं आणि थरथर कातरबळावर सोडवता येते. पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग पाठवतील.

दुसऱ्या टोकाला सोलण्याची चाचणी चालू होती. तिथला नियम मला फार आवडतो: माउंटिंग ओढून तोडायचं, आणि तुटताना रबर स्वतः फाटलं पाहिजे, लोखंडावरून सुटता कामा नये. सकाळच्या नमुन्यांच्या लोखंडावर सगळीकडे रबराचा थर शिल्लक होता. ते भाग पॅकिंगला गेले.

२:४५. बाजारातून परत आलेले भाग. एक तेलानं फुगून मऊ पडलेला: इंजिनाची गळती कुणी बंद केली नव्हती. दुसरा आमचा नव्हताच, हुबेहूब नक्कल. कापला तर रबर कच्चं, लोखंड गुळगुळीत, बोटानं ओढल्यावर सुटलं. गाडीचा मालक मात्र म्हणत होता, की गाडी जुनी झाली म्हणून थरथरते.

३:३०. पाळी सुटली. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग आयडलला थरथरत असेल किंवा गिअर टाकताना खालून ‘धप्’ असा आवाज येत असेल, तर गाडीच्या वयाला दोष देण्याआधी मेकॅनिककडून फाउंडेशन तपासून घ्या. रबराला चिरा दिसतात का, ते लोखंडापासून सुटलंय का, तेल लागलंय का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. बदलायची वेळ आली तर बिल घेऊन अस्सल भागच घ्या, आणि गळती आधी बंद करा.