धास्तीचे अर्थशास्त्र

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळील उंचवट्यावर उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने त्याच्या उभारणीस आरंभ केला आणि एलिचपूरचा नवाब इस्माइलखान याने १७५७ मध्ये ती पूर्णत्वास नेली, असे सांगतात. पावसाळ्यात एक बाजू सोडली तर त्याला पाण्याचा वेढा पडतो. आत शिरावयाचे तर एकात एक अशी दारे ओलांडावी लागतात. पहिले दार फोडणाऱ्या शत्रूला पुढच्या दारामागे काय वाढून ठेवले आहे हे दिसू नये, हाच अशा रचनेचा हेतू. तटाची जाडी शत्रूला अडविते. पुढचे न दिसणे त्याचा धीर खचविते. दुर्गरचनाकारांना ठाऊक असलेले हे मर्म आज भलत्याच ठिकाणी कामास येत आहे. त्याच बाळापुरात दिवेलागणीनंतर कानांत इअरफोन घालून मोबाइलच्या पडद्यावर वाकलेली मुले भयखेळांच्या अंधाऱ्या वाड्यांतून अशीच एकेक दार उघडीत असतात.

या खेळांविषयी पालक व शिक्षक यांची तक्रार बहुधा रक्त, किंकाळ्या व विद्रूप चेहरे यांपुरती असते. परंतु भय तेथे नसते. मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच केला आहे. दचकणे वेगळे आणि धास्तावणे वेगळे. दचका क्षणभराचा असतो; फटाका वाजला तरी माणूस दचकतो आणि लगेच हसतो. धास्ती ही न घडलेल्या गोष्टीची असते, आणि म्हणूनच ती टिकते. भयखेळांतील उत्तम कृती दचक्यावर फारशी विसंबत नाहीत. त्या धास्तीची पेरणी करतात. ती कशी करतात, हे पाहू गेल्यास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीच्या दोन संकल्पना भेटतात. एक दुर्मिळता, दुसरी अनिश्चितता.

‘रेसिडेंट ईव्हिल’ हा जपानी खेळ १९९६ मध्ये आला. त्यात खेळाडूजवळ बंदूक असते. पण गोळ्या मोजक्या असतात. एवढेच नव्हे, तर खेळातील आजवरची प्रगती जतन करावयाची झाली तर टंकलेखन यंत्राची शाईची फीत लागते, आणि त्या फितीही मोजक्याच सापडतात. प्रत्येक गोळी झाडताना ती उद्यासाठी राखावी काय, आणि प्रत्येक फीत वापरताना आणखी थोडे पुढे जाऊन पाहावे काय, असा प्रश्न पडतो. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते. तासाभराचे श्रम एका चुकीसरशी वाया जातील, या विचाराने बंद दारासमोर उभ्या असलेल्या खेळाडूचा हात थरथरतो. दारापलीकडचा राक्षस हे त्या तोट्याचे केवळ निमित्त.

२०१४ च्या ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’ या खेळाची कल्पना तर भारनियमन सोसलेल्या वऱ्हाडाला सांगावयासच नको. रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत एका पहारेकऱ्याने खोलीत बसावयाचे. दार लावावे तर वीज खर्च होते, दिवा लावावा तर वीज खर्च होते, कॅमेऱ्यातून पाहावे तरीही वीज खर्च होते. आणि ती संपली की दारे आपोआप उघडतात. एका सुरक्षिततेची किंमत दुसऱ्या सुरक्षिततेने चुकती करावयाची, हा संधिव्ययाचा धडा वर्गात तासभर शिकवूनही जितका उमगत नाही, तितका येथे सहा मिनिटांत उमगतो. ‘अॅम्नेशिया’ या २०१० च्या स्वीडिश खेळात शस्त्र मुळीच नाही. कंदील आहे आणि त्यातले तेल संपत जाते.

दुसरी संकल्पना अनिश्चिततेची. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. फासा टाकताना कोणते दान पडेल हे कळत नसले तरी दाने किती हे ठाऊक असते, ती जोखीम. जेथे दानेच ठाऊक नसतात, तेथे अनिश्चितता. ‘सायलेंट हिल’ या १९९९ च्या खेळातील शहर दाट धुक्याने भरले आहे. त्या काळच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून ते झाकण्यासाठी धुके आले. आणि यंत्राची ही उणीवच भयाचे भांडवल ठरली. खेळाडूच्या खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरतो. काहीतरी आहे एवढे कळते. कोठे आहे ते कळत नाही. माहिती मुळीच नसती तर माणूस निर्धास्त चालला असता, पुरती असती तर सावध झाला असता. धास्ती उपजते ती अर्धवट माहितीतून.

आपल्याकडील लोकसमजुतींनाही हे अनोळखी नाही. चकवा लागलेला वाटसरू रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. हिदेओ कोजिमा याच्या २०१४ च्या ‘पी. टी.’ या छोट्या खेळात नेमके हेच घडते. एका घराच्या बोळातून टोकाच्या दाराबाहेर पडावे, तर पुन्हा तोच बोळ. फक्त प्रत्येक खेपेस काहीतरी किंचित बदललेले. ओळखीच्या जागेने विश्वासघात करावा, याहून मोठे भय गावकऱ्याला ठाऊक नव्हते आणि त्या जपानी रचनाकारालाही दुसरे सुचले नाही.

मग नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा अंथरुणात वाचून रात्र जागविणाऱ्या पिढीचे भय आणि आजचे भय एकच काय? पुष्कळ अंशी एकच. पण एक फरक मोठा आहे. कथेतील नायक तळघरात उतरतो तेव्हा वाचक मनात ‘नको जाऊस’ म्हणू शकतो. खेळात पायरी उतरणारा अंगठा खेळाडूचाच असतो. तो थांबला तर काहीच घडत नाही. परिणामांचे उत्तरदायित्व अंगावर येते, आणि उत्तरदायित्वासह येणारे भय वाचनातील भयाहून जवळचे असते. लहान वयात ते पेलत नाही, हेही तितकेच खरे. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून खेळांवर वयाची सूचना छापण्याची पद्धत आहे. मोबाइलवर खेळ उतरवून घेतानाही ती दिसते. एकच मोबाइल घरातल्या सर्वांच्या हाती फिरतो तेथे ती कोणी वाचीत नाही. सरसकट बंदीपेक्षा ती सूचना वाचणे आणि मुलाची झोप नीट होते की नाही हे पाहणे, एवढे जरी पालकांनी केले तरी पुष्कळ होईल.

तरीही मुले आपणहून या भयाकडे का वळतात? कारण त्याला कुंपण आहे. नियम ठरलेले आहेत, हरल्यास पुन्हा आरंभ करता येतो, आणि अगदीच असह्य झाले तर पडदा बंद करता येतो. या तीन सोयींमुळे भय सोसण्याजोगे, किंबहुना सुखाचे होते.

याच तीन सोयी बाळापूरच्या शिवारात नाहीत. कोरडवाहू कपाशी व सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याजवळ बियाणे मोजके, पैसा मोजका आणि पावसाची माहिती अर्धवट. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही खारे. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा आरंभ खरा. पण तो कर्जाच्या पैशाने. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये अकोल्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज पंतप्रधानांनी जाहीर केले, आणि २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. अशा उपायांची कसोटी रकमेवर लागत नाही. त्यांनी अनिश्चिततेचे रूपांतर मोजता येणाऱ्या जोखमीत केले काय, यावर लागते. भरपाई किती आणि केव्हा मिळेल हे पेरणीपूर्वी स्पष्ट असेल, तर विमा हे कुंपण ठरते. नसेल, तर तो रेडिओची आणखी एक खरखर ठरतो.

पडद्यावरच्या अंधारात मुलगा घाबरतो तेव्हा त्याच घरात, ओसरीवर आभाळाकडे पाहत बसलेला बापही धास्तावलेला असतो. मुलाच्या भीतीची काळजी वाहणाऱ्या समाजाने बापाच्या भीतीचीही तेवढीच दखल घेतली पाहिजे. कारण ती बंद करण्याची कळ त्याच्या हातात नाही.